ई-सहा

पहाटे, प्रेसचा भोंगा व्हायच्या आधी,
दौलत गांगुर्डे उपनगरच्या मैदानावर खडे वेचत असतो.
वाकून नाही, गुडघा ऐकत नाही आता.
एक पाय लांब सोडून, बसल्या बसल्या सरकत,
दुसऱ्या बेसपासून तिसऱ्यापर्यंत.
टोपी उलटी धरलेली. तिच्यात खडे,
बाटलीची बुचं, एकदा कुणाचा तरी दुधाचा दात.

पोरं म्हणतात, सर तांदूळ निवडतायत.

मी भिंतीवर बसतो, मांडीवर स्कोअरबुक.
पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन,
शॉर्टस्टॉप सहा.
सहा म्हणजे दौलत. त्या जागी आज कुणीही असो,
पेन्सिल आधी त्याच्याकडे वळते.

पहिला ग्लोव्ह त्यानं भद्रकालीत शिवून घेतला,
चपलांचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून.
म्हाताऱ्यानं पैसे घेताना विचारलं,
"आणि जोडीचा कधी नेणार?"

खेळावर नोकरी लागली. दिवसभर नोटा मोजायच्या,
कुणाच्या तरी. संध्याकाळी तीच बोटं
मातीतून चेंडू उचलायची
आणि पहिल्या बेसला पोचता करायची,
पत्ता पाठ असल्यासारखा.
बॅटचा आवाज झाला की टाच आधीच उचललेली.
"दार कुणी वाजवलं ते कळतं की नाही आपल्याला? तसंच."

राज्य. मग देश.
मनिलाला गेला, सात दिवस बाकावर बसून आला.
आल्यावर बोलायचा फक्त तिथल्या मातीबद्दल:
"चाळलेली रे, बोरस्ते. मैद्यासारखी."

मग ती फायनल. आपलंच मैदान, आपलीच माणसं,
झाडावरसुद्धा माणसं.
नववा डाव, दोघं बाद, एका रनानं आपण पुढं.
दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर त्यांचे दोन गडी.
चेंडू सरळ दौलतकडे. सोपा. भाकरी थापल्यासारखा सपाट येत होता.
शेवटच्या टप्प्याला उसळला,
खांद्यावरून गेला.
दोन्ही गडी आले.

मी लिहिलं: ई-सहा.
चूक, शॉर्टस्टॉपची. खाली माझी सही.
दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी होत्या,
त्यातली एक त्याच्यावर.

पुढं गुडघा. पुढं पतियाळा, शिट्टी,
द्राक्षांच्या कॅरेटमध्ये जुने चेंडू,
आणि वडाळ्याची, गोरेवाडीची पोरं, ज्यांना वाटायचं
हे क्रिकेटचंच काहीतरी बिघडलेलं आहे.

सव्वीस वर्षं मी ते पान उघडलं नाही.
मला दिसला होता खडा. भिंतीवरून स्पष्ट दिसला होता
चेंडू कशावर आपटला ते.
ती हिट होती. त्याची चूक नव्हती.
पण पंच बघत होते, लोक ओरडत होते,
आणि ई-सहा लिहायला एक क्षण कमी लागतो.

परवा चहाच्या टपरीवर सांगून टाकलं.
खिशात खोडरबर नेलं होतं. हसू नका.

त्यानं बशीतला चहा संपवला.
म्हणाला, "खडा मी आठव्या डावातच बघितला होता.
म्हटलं, डाव संपला की उचलू.
राहू दे तुझं अक्षर."

टपरीवाल्यानं सुटे पैसे मागितले.
आम्ही दोघंही खिसे चाचपत राहिलो.

आज सकाळी सुफियानच्या हातून एक सुटला.
अकरा वर्षांचा आहे, ग्लोव्ह कोपरापर्यंत येतो त्याला.
त्यानं आधी आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग गुडघे टेकून मातीवर तळहात फिरवू लागला,
आंधळ्यानं अंथरूण चाचपावं तसा.
दौलत काही बोलला नाही.
फक्त टोपी पुढं केली.

सरावाचा स्कोअर कुणी लिहीत नसतं. मी लिहितो.
सुफियानची चौकट अजून कोरी आहे.